पासंगशेठचं वजन

भंगारवाल्यावर कुणाचा विश्वास नसतो. माल आणणारा त्याला गंडवायला बघतो, तो माल आणणाऱ्याला गंडवायला बघतो, आणि दोघंही काट्याकडे असे डोळे वटारून बसतात की बिचाऱ्या काट्यानंच चोरी केली असावी. पण मालधक्क्याच्या मागच्या गल्लीत, टायरवाल्याला लागून जे दुकान होतं, तिथे ही भानगड नव्हती. तिथला मालक काट्यावरचा आकडा बघायचा आणि वर म्हणायचा, "अर्धा किलो पासंग धरा." म्हणजे काटा जे सांगेल त्यावर अर्धा किलो देणाऱ्याच्या पदरात. काट्यात काही खोट असली तर तिची भरपाई झाली, नसली तर तुझं नशीब म्हणायचं. या एका सवयीपायी लोक त्याचं पाळण्यातलं नाव विसरले. गल्लीत, बाजारात, अगदी बँकेतसुद्धा तो पासंगशेठ. बायको चिडली की तीही म्हणायची, "जा, विचारा तुमच्या त्या पासंगशेठला!" आणि तो समोरच उभा असायचा, कान खाजवत.

माणूस अंगानं आडवा, आवाज दणदणीत. लबाडी पकडण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ओला करून आणलेला पुठ्ठा तो नुसत्या वासावरून ओळखायचा. तळाशी वाळू भरलेले डबे, पोटात शिसं ओतलेली किटली, असल्या करामती रोजच्याच. पण तो कुणावर तोंड टाकायचा नाही. "दादा, किटली तेवढी रिकामी करून आण, मग तिच्यातच आपण चहा करू," म्हणायचा, की समोरचा लाजून पळालाच.

तर अशा या माणसाच्या घशाखाली एक दिवस पावाचा तुकडा अडकला. घाईत खाल्लं म्हणून त्यानं वर पाणी ढोसलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग त्यानं पाव सोडला, मग भात सोडला, मग सगळं कालवून, पातळ करून प्यायला लागला. बायको म्हणाली, "तुम्ही कधीपासून सूपवाले झालात हो? कुणी नवीन मैत्रीण मिळाली काय, बारीक व्हा म्हणणारी?" तो हसला आणि हसताना त्याला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. त्या ठसक्यानंतर दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

घशातून दुर्बीण घातली, आतल्या मांसाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. अन्ननलिकेत गाठ. आणि गाठ म्हणजे तीच, जिचं नाव घ्यायला माणसं कचरतात.

ज्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांना पाठवलं त्या वयानं लहान होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण बोलणं सरळ. म्हणाल्या, "काका, आधी केमो आणि रेडिएशन बरोबरीनं द्यायचं. मग थांबायचं, मग स्कॅन. त्यात आम्ही दोन गोष्टी बघणार. गाठ किती आटली, आणि तुम्ही किती आटलात. गाठ आटली आणि तुम्ही धड राहिलात, तर ऑपरेशन. ऑपरेशन झालं तर हे दुखणं मुळासकट जायची खरी आशा आहे."

"आणि नाही झालं तर?"

"तर आशा कमी. नाहीच असं नाही म्हणत. कमी."

बायकोनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. पासंगशेठनं मान डोलावली. त्याला ही बाई आवडली. निदान हिच्या मालात वाळू नाही, असं त्यानं मनात म्हटलं.

या डॉक्टरीणबाईंचं आणखी एक काम होतं. या उपचारानं कुणाला गुण येणार आणि कुणाला नाही, हे आधीच सांगता येईल का, याचा त्या अभ्यास करत होत्या. वय, गाठीची लांबी, रक्ताचे आकडे, गिळता काय काय येतं, आणि दर आठवड्याचं वजन, हे सगळं कॉम्प्युटरात भरायचं की त्यातून एक अंदाज निघायचा.

"म्हणजे ज्योतिषच की," तो म्हणाला.

"ज्योतिषाचं चुकलं तर त्याला कुणी जाब विचारत नाही, काका. मला विचारतात."

"आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय?"

त्या दमलेल्या होत्या, बाहेर रांग होती, आणि प्रश्न सोपा वाटला म्हणून त्यांनी सोपं उत्तर दिलं. "वजन, काका. वजन टिकवणारे टिकतात, असं आजवर दिसलंय."

झालं! तेवढं एक वाक्य त्यानं कानात साठवलं. बाकीचं औषधपाणी, पथ्य, धोक्याच्या सूचना, सगळं बायकोनं ऐकलं.

रेडिएशनच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. आत जाऊन पालथं-उताणं पडायचं, यंत्र अंगाभोवती फिरायचं, दुखायचं काहीच नाही, आणि बाहेर येऊन दुसऱ्या दिवशीची वेळ घ्यायची. पण खरी तपासणी चालायची ती बाकावर. तिथे बसलेल्या प्रत्येकाला दुसऱ्याचं भवितव्य कळत होतं. भावाला घेऊन येणारी एक जाड चष्म्याची बाई तर या विषयातली तज्ज्ञच होती. कुणी आत गेलं की ती शेजाऱ्याच्या कानाला लागायची. "याचं बरं दिसतंय, चालतोय बघा कसा." "हिचं काही खरं नाही, नखं बघितलीत का?" आणि तिचा सगळ्यात पक्का नियम म्हणजे नळी. गिळता येईनासं झालं की नाकातून पोटात एक बारीक नळी घालून तिच्यातून अन्न देतात. "नळी लागली की संपलं," चष्मेवाली म्हणायची. "नळीवाला पुन्हा या बाकावर दिसला तर मला सांगा."

आणि खरंच दिसत नव्हते. एक बस चालवणारा गडी होता, मोठा बोलका, सगळ्यांना 'चला, पुढे सरका' म्हणून जागा करून द्यायचा. एक दिवस तो नाकात नळी घेऊन आला, गालावर चिकटपट्टी, हसायला बघत होता. त्यानंतर तो बाकावर आलाच नाही. त्याच्याबद्दल कुणी कुणाला विचारलं नाही. त्याची जागा तेवढी दोन दिवस रिकामी राहिली.

दुसऱ्या आठवड्यानंतर पासंगशेठच्या घशात निखारा पडल्यासारखं व्हायला लागलं. पाणी गिळायचं म्हटलं तरी आधी मनाची तयारी करावी लागायची. वजनाला उभा राहिला तर सिस्टर म्हणाली, "काका, बरंच उतरलंय हो. अजून असंच उतरलं तर नळी घालावी लागेल."

ती आपलं काम करत होती. पण त्याच्या पायाखालची जमीन सरकली. घरी जाताना बायको काहीतरी बोलत होती, त्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. डोळ्यांपुढे बसवाल्याच्या नाकातली ती नळी. नळी म्हणजे वजन गेलं, वजन गेलं म्हणजे अंदाज गेला, अंदाज गेला म्हणजे ऑपरेशन गेलं. आणि ऑपरेशन गेलं म्हणजे आपण गेलो. हिशेब कसा सरळ!

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. गाडीच्या चाकाचा तोल साधायला शिशाचे छोटे तुकडे लावतात, शेजारच्या टायरवाल्याकडून तसले पोतंभर त्याच्याकडे यायचे. त्यानं जुन्या पँटच्या कापडाचा पट्टा कापला, दाभण घेतलं आणि एकेक तुकडा आत शिवत बसला. पोटावर नाही, कमरेच्या मागच्या बाजूला, पँटच्या आत, म्हणजे उभं राहिलं तरी फुगवटा दिसत नाही. आयुष्यभर लोकांच्या लबाड्या पकडल्या, तर कुठली लबाडी पकडली जात नाही हेही त्याला ठाऊक होतं. हावरा पकडला जातो. वजन वाढलेलं दाखवायचं नाही. दर खेपेला थोडं उतरूही द्यायचं. डॉक्टरांना समाधान वाटेल एवढंच टिकवायचं. काट्याशी बेइमानी तो पहिल्यांदाच करत होता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेहून मरणाची भीती मोठी वाटली.

वजन झालं की संडासात जाऊन पट्टा सोडायचा, पिशवीत टॉवेलाखाली ठेवायचा, मग रेडिएशनला जायचं. कुणाला पत्ता लागला नाही.

"अरे वा!" डॉक्टरीणबाई आकडा बघून खुर्चीत मागे टेकल्या. "काका, या आठवड्यात सगळे ढासळतात, तुम्ही टिकलात. नळीची गरजच नाही." मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या हाताला यश आहे हं, बाई."

बायको अशी लाजली की तिच्या लग्नातही लाजली नसेल. बिचारी पहाटे उठून अंडं फेसायची, दूध आटवायची, फळं कुस्करून गाळायची, घोटाघोटाला त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. तिला कधी कुणी शाबासकी दिली नव्हती. घरी जाताना तिनं त्याचा दंड धरला होता आणि वाटेत दोनदा म्हणाली, "बघितलंत? सांगत होते ना मी, प्या म्हणून?" हिला आता काय सांगायचं?

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. "तुमचा अंदाज फार चांगला येतोय. तुमच्यासारख्या दहाजणांत सात-आठजणांची गाठ जवळजवळ नाहीशी होते, आणि ते ऑपरेशनपर्यंत पोचतात."

आता गंमत बघा. गंमत कसली, कपाळ! तो आकडा त्याला खरा वाटला. शिसं त्यानंच शिवलं होतं, पट्टा त्याच्याच कमरेला काचत होता, आणि तरी बाईंनी 'सात-आठ' म्हटल्यावर त्याच्या छातीवरचा दगड उतरला. कॉम्प्युटर म्हणतो म्हणजे काहीतरी असेलच ना? रस्त्यानं चालताना त्याला वाटलं, आपण या सात-आठांतलेच. पाय लटपटत होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि हा गडी मनातल्या मनात दुकानाला नवीन रंग कुठला द्यायचा ते ठरवत होता.

घरात मात्र दुसरंच चाललेलं. बायकोनं पुढ्यात ठेवलेलं दूध तो तोंडात धरायचा, ती वळली की मोरीत थुंकायचा. गिळणं म्हणजे काच गिळणं झालं होतं. डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी गिळायच्या आधी घ्यायचं औषध वाढवलं असतं, नळी घातली असती. पण सांगणार कसं? ज्याचं वजन टिकलंय त्याला गिळता येत नाही, हे जुळत नव्हतं. एका खोट्याला सांभाळायला त्याला रोज नवं खोटं लागत होतं.

एकदा ती त्याला आंघोळ घालत होती. पाठीवरून हात फिरवताना थांबली. "अहो, तुमच्या बरगड्या माझ्या हाताला लागतात."

"त्या आधीपासून आहेत."

"थट्टा करू नका. काटा म्हणतो बरं आहे, अन् माझे हात म्हणतात बरं नाही. कुणाचं ऐकू मी?"

तिच्या आवाजात रडू होतं. तिला सगळं सांगून टाकावं असं त्याला एकदा मनापासून वाटलं. सांगितलं असतं तर... पण तिच्या हाताचं यश तिच्यापासून काढून घ्यायचं? तो म्हणाला, "काट्याचं ऐक."

तिलाही तेच ऐकायचं होतं.

केमोची शेवटची खेप राहिली होती. सकाळी तयार होऊन तो दारापर्यंत आला, उंबऱ्याला पाय अडखळला आणि तो जागच्या जागी खाली बसला, मग आडवा झाला. अंग तव्यासारखं तापलेलं. बायकोनं गळ्याची बटणं सोडली, श्वास मोकळा व्हावा म्हणून पँट सैल केली, आणि तिच्या हाताला तो जड पट्टा लागला. आधी तिला कळेचना. तिनं तो ओढून काढला, टोकाची शिवण तिच्या हातात उसवली आणि शिशाचे तुकडे फरशीवर खळखळ सांडले.

टायरवाल्यानं गाडी काढली. वॉर्डात सलाईन लागल्यावर त्यानं डोळे उघडले तेव्हा तिचा बांध फुटला.

"कुणाला फसवलंत? अं? त्या सिस्टरला? त्या पोरीएवढ्या डॉक्टरला? मी मूर्ख घरभर नाचत होते, माझ्या हाताला यश आहे म्हणून! तुम्ही उपाशी मरत होतात माझ्या पुढ्यात, आणि मी पातेली घासत होते! एवढं शिसं कमरेला बांधायला सुचलं, तोंड उघडून एकदा 'गिळवत नाही गं' म्हणायला काय झालं होतं?"

"नळी लागली असती," तो पुटपुटला.

"लागू दे की! नळीनं काय गिळलं असतं तुम्हाला?"

डॉक्टरीणबाई पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "काका, केमोची मात्रा मी या वजनावर काढत होते. म्हणजे तुम्हाला झेपेल त्याहून जास्त जात होती. आणि नळी नको, हेही मी याच आकड्यावर ठरवलं." रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या होत्या, अंगात जंतू शिरले होते. शेवटची केमो रद्द झाली, रेडिएशन मध्येच थांबवावं लागलं, मग कसंबसं पुरं केलं. आणि ज्या नळीपायी एवढं रामायण झालं ती नळी पहिल्याच दिवशी संध्याकाळी त्याच्या नाकातून घातली.

ताप उतरल्यावर त्याला वरच्या मजल्यावर नेलं. नळीतून अन्न कसं द्यायचं ते शिकवणारी बाई तिथे बसायची. चाकाच्या खुर्चीतून आत गेला तर समोरून आवाज आला, "चला, पुढे सरका!"

बसवाला! जिवंत, धडधाकट, गाल भरलेले, नळी तशीच नाकात. पासंगशेठ त्याच्याकडे भूत बघितल्यासारखा बघत राहिला.

"तू... तू खाली यायचा बंद झालास."

"नळीवाल्यांना इथून बोलावतात, शेठ. मागच्या लिफ्टनं थेट रेडिएशनला. म्हणजे दोनदा यायला नको." बसवाल्यानं पोटावरून हात फिरवला. "माझी तर ऑपरेशनची तारीखसुद्धा लागली."

एवढंच होतं. वरचा मजला आणि मागची लिफ्ट. पासंगशेठनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो हमसून हमसून रडला. बसवाल्याला वाटलं नळी दुखतेय. तो म्हणाला, "होतं पहिले दोन दिवस, मग सवय होते."

यथावकाश स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर आधीचं चित्र आणि आताचं चित्र शेजारी शेजारी लावलं. आधीच्यात अन्ननलिकेच्या मध्यावर पेटलेली गाठ होती. आताच्यात तिथे फिकट डाग, निरखून बघावं तेव्हा दिसणारा. "औषधानं काम केलंय," त्या म्हणाल्या. बायकोनं त्यांचा हात धरून कपाळाला लावला. क्षणभर खोलीतल्या सगळ्यांनाच वाटलं, सुटलो बाबा.

मग सर्जनकडे गेले. उंच, शांत माणूस. त्यानं चित्र बघितलं, मान हलवली, मग पासंगशेठला व्हरांड्यात चालायला लावलं. निम्म्या वाटेत तो भिंत धरून उभा राहिला. सर्जननं त्याच्या मांडीला हात लावला आणि काढून घेतला. "काका, खोटं बोलत नाही. पोट आणि छाती दोन्ही उघडून आतलं नव्यानं जोडायचंय. अशा अंगात शिवलेलं जुळत नाही. मी आज हात लावला तर तुम्हाला मारीन." त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "काट्यावर पन्नास आणा, थोडं चालून दाखवा. महिनाअखेरीपर्यंत. त्यापुढे रेडिएशन दिलेली जागा आतून कडक होते, मग मी काय, कुणीच हात घालणार नाही."

पन्नास! एके काळी पन्नासच्या दुप्पट वजनाचं पोतं हा माणूस एकटा ढकलायचा.

बाहेर पडताना तो डॉक्टरीणबाईंच्या दारात थांबला. "बाई, आता अंदाज काय?"

त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. "तुमच्यासाठी माझ्याकडे अंदाज नाही, काका. मी ज्या माणसाचा काढला होता, तो माणूस माझ्यासमोर कधी नव्हताच." मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी तुम्हाला वजन महत्त्वाचं म्हटलं. खाणं महत्त्वाचं, असं म्हणायला हवं होतं."

तो महिना म्हणजे नुसती झुंज होती. नळीतून थोडं थोडं अन्न, पहाटेपासून झोपेपर्यंत. जास्त दिलं की जुलाब, जोरात दिलं की उलटी, आणि उलटी झाली की बायको भांडं धरून तशीच बसून राहायची, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. तिचं त्याच्यावर ओरडणं बंद झालं होतं, आणि तेच त्याला जास्त लागायचं. तो अंगणात भिंतीला धरून फेऱ्या मारायचा. "अजून एक," ती म्हणायची. "अगं, मेलो," तो म्हणायचा. "मग एक मारून मरा." दोघांनाही हसू यायचं. थोडं वजन चढलं, म्हणून ती दोघं एकदा घटकाभर सुखानं बसली. मग छातीत कफ झाला, पुन्हा ताप, आणि चढलेलं सगळं उतरलं. महिना कुणासाठी थांबतो? संपत आला.

शेवटच्या तपासणीच्या सकाळी ती त्याला घेऊन आत गेली. सर्जनच्या खोलीबाहेर भिंतीपाशी बसका, रुंद पाट्याचा काटा होता. सिस्टर म्हणाली, "चपला काढा काका, हळूच चढा." त्याला एकट्याला उभं राहवत नव्हतं, म्हणून बायकोनं मागून त्याच्या दोन्ही काखांत हात घालून त्याला सावरून धरलं. आकडे पळाले, डळमळले, आणि थांबले. पन्नासला टेकून, वर थोडं.

सिस्टरनं पेन उचललं. सर्जन दारात उभा होता, त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "अरे वा काका! जमवलंत की!"

पासंगशेठच्या अंगातून सुखाची एक लाट गेली. जगलो, त्याला वाटलं. जगलो आपण! आणि त्याच सुखात त्याची मान खाली गेली. पाट्याच्या मागच्या कोपऱ्यावर, त्याच्या टाचेला लागून, तिचा अनवाणी पाय होता. बोटं पांढरी पडेपर्यंत दाबलेला. पडू नये म्हणून त्याला धरलं होतं तिनं, आणि पन्नासला कमी पडत होता तेवढा भार त्या पावलावर टाकला होता.

त्यानं वळून बघितलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि चेहरा दगडासारखा घट्ट. अशा अंगानं ऑपरेशनच्या टेबलावर काय होईल हे तिनंही ऐकलं होतं, त्याच्याइतकंच स्पष्ट. पण सर्जनचं 'नाही' ऐकून परत जायचं, घरी नेऊन याच्या नाकात नळी घालत वाट बघत बसायचं, हे तिला सोसणार नव्हतं. त्यालाही कुठे सोसणार होतं? आत्ता गप्प बसलो तर निदान आज संध्याकाळपर्यंत आपण जगणाऱ्यांतले. त्यानं ओठ दाबून धरले. सिस्टर आकडा लिहायला वाकली.

"पाय काढ," तो म्हणाला.

तिनं ऐकलंच नाही.

"अगं, पाय काढ."

"मी तुम्हाला धरलंय," ती म्हणाली.

"धर की. धरून ठेव. पण पाय काढ."

सिस्टरचं पेन हवेतच राहिलं. सर्जननं खाली बघितलं आणि त्याला कळलं. तिनं पाय काढायला फार वेळ लावला. आधी टाच उचलली, मग चवडा, मग बोटं. काट्यावरचे आकडे भराभरा खाली आले आणि सेहेचाळीसवर थांबले.

"उतरा, काका," सिस्टर हळूच म्हणाली. पण बायको त्याला सोडेना, म्हणून तो तसाच काट्यावर उभा राहिला.